पत्ता सांगणारं रॅप

(दृश्य : कुर्ला पश्चिम, भर दुपार. दुकानांच्या पाट्यांवर ४०००७०.)

मुंबईच्या रॅपमध्ये पिनकोडला मान आहे. शेवटचे दोन आकडे म्हणजे ओळख: कुर्ल्याचा रॅपर नेझी म्हणजे ७०, अंधेरीच्या जे. बी. नगरचा रॅपर डिव्हाइन म्हणजे ५९. २०१४ च्या सुरुवातीला नेझीनं 'आफत' हे गाणं आयपॅडवर रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच शूट केला आणि यूट्यूबवर टाकला. ना कंपनी, ना स्टुडिओ. आपल्या गल्लीची बोली गाण्यात चालते, हे त्यानं अनेक पोरांना दाखवून दिलं.

पण नुसता पिनकोड घेऊन भागत नाही. 'संघर्ष', 'सिस्टीम', 'गरिबी' हे शब्द कुणाच्याही गाण्यात बसतात, म्हणून ते कुणालाच धरून ठेवत नाहीत. नळाला पाणी किती वाजता येतं, रांगेत पहिला हंडा कुणाचा, भाडं थकलं की घरमालक कोणत्या वारी दारात उभा राहतो, हे लिहिलं की ऐकणारा मान वर करतो.

(दृश्य : वही. ओळींवर पेन्सिलीनं ठोक्यांच्या खुणा.)

जागा मात्र थोडी असते. बीट म्हणजे रॅपमागचं संगीत, बार म्हणजे त्यातल्या चार ठोक्यांचा गट. ९० बीपीएमच्या (मिनिटाला ९० ठोक्यांच्या) बीटवर सोळा बार म्हणजे ६४ ठोके, जेमतेम ४३ सेकंद. एका बारमध्ये साधारण सोळा अक्षरं बसतात. त्याहून जास्त कोंबली की श्वास तुटतो आणि शब्द चावले जातात. म्हणून एका व्हर्समध्ये, म्हणजे कडव्यात, एकच विषय. पाणी, लोकल, नोकरी आणि आईचं आजारपण एकत्र आलं, की चारही वाया.

मराठीत आणखी एक सापळा आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे 'करतो–मरतो–झुरतो' असं यमक फुकटात मिळतं आणि तिसऱ्या ओळीला कंटाळा येतो. वाक्य मोडून घ्यावं. स्नेअर (ड्रमचा कडक आवाज) पडतो त्या चौथ्या ठोक्यावर नाम आणावं. 'हंडा', 'फलाट', 'पावती' असे शब्द तिथे आदळले की ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहतात.

(दृश्य : दहा बाय दहाची खोली. भिंतीला गोधड्या.)

खोली बारीक असली तरी चालते, घुमणारी नको. तोंडासमोर आणि पाठीमागे गोधड्या टांगायच्या, पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. माइक वीतभर अंतरावर, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातली हवा अडवणारी जाळी. नाहीतर प्रत्येक 'प' आणि 'भ' धडकतो. रेकॉर्डिंगची पातळी उणे सहा डेसिबलच्या खालीच ठेवायची. रेकॉर्डिंगमध्येच फाटलेला आवाज मिक्समध्ये नीट शिवता येत नाही. मुख्य टेक झाला की फक्त यमकाचे शब्द पुन्हा म्हणून डबल, म्हणजे त्याच आवाजावर दुसरा थर, घ्यायचे. अख्खी व्हर्स डबल केली तर शब्द गढूळ होतात.

इंटरनेटवरचे 'फ्री' बीट्स बहुतेकदा कमाई न करण्याच्या अटीवर फुकट असतात. लायसन्स न घेता गाणं टाकलं, की कॉपीराइटचा क्लेम येतो आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. शब्द कुणाचे, बीट कुणाची, वाटा किती, हे रेकॉर्डिंगआधी कागदावर असावं. दोस्तीत हे विचारायला जड जातं; न विचारल्यानं दोस्तीच जाते.

(दृश्य : आरे. पाड्याकडे जाणारी वाट.)

२०१९ मध्ये 'स्वदेशी' या रॅप गटानं 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं काढलं. त्यात आरेच्या केलटीपाड्यातले प्रकाश भोईर यांचा स्वतःचा आवाज आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं तोडली गेली. ज्यांच्या जगण्याविषयी गाणं आहे तेच गाण्यात आहेत, ही त्याची खरी ताकद. कुणाच्या वतीनं लिहिलेली व्हर्स आधी त्या माणसाला ऐकवावी. तो जो शब्द खोडेल, तो बहुतेक वेळा खोटाच असतो.

(दृश्य : मैदानाचा कोपरा. पोरांचं रिंगण.)

माणसं जमतात ती सायफरमध्ये, म्हणजे रिंगणात पाळीपाळीनं रॅप करायच्या बैठकीत. दर आठवड्याला तोच वार, तीच जागा. वेळ बदलत राहिली की नवी पोरं गळतात. स्पीकर लावला तर पोलिसांची परवानगी लागते आणि रात्री दहाला तो बंद करावा लागतो. बीटबॉक्सवर, म्हणजे तोंडानं काढलेल्या ठोक्यावर, भागवलं तर स्पीकरचा प्रश्नच येत नाही. रिंगण हाताच्या अंतरावर ठेवायचं, कारण माइकशिवायचा आवाज गर्दीत लगेच विरतो. पाळी आठ बारची. अनुभवी माणसं पहिली पाळी घेत नाहीत. त्यांच्यानंतर नवखा तोंड उघडत नाही. कुणी अडखळलं तर बीटबॉक्सरनं ठोका थांबवायचा नाही, बाकीच्यांनी हुक (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) उचलून धरायचा आणि चार बारनंतर पाळी पुन्हा त्याच्याकडेच द्यायची.