ओल्या पॅनेलांचा इन्व्हर्टर

फोंड्यातल्या या गच्चीवर जुलैचा पाऊस कोसळतो आहे. ढगांआडच्या मंद उजेडावरही सौर पॅनेलांतून थोडी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज निघते, आणि जिन्याशेजारच्या भिंतीवरचा इन्व्हर्टर तिचे घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, विजेत रूपांतर करतो.

२३० व्होल्टची लाट शिखरावर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते, म्हणून बूस्ट सर्किट आधी पॅनेलांचा डीसी दाब (व्होल्टेज) त्याहून वर नेते. पुढे ‘ब्रिज’ या जोडणीतले चार ट्रान्झिस्टर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून कमीजास्त रुंदीचे स्पंद तयार करतात आणि चोक कॉइल त्यांना गुळगुळीत लाटेचा आकार देते.

पूर्वी यानंतर ट्रान्सफॉर्मर असे. तो जड होता आणि स्वतःही वीज खात असे. तो काढल्यावर कार्यक्षमता ९८ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. मात्र त्याच्याबरोबर पॅनेल आणि वीजवाहिनी यांच्यातला विद्युत अडसरही गेला, आणि गोव्यासारख्या पावसाच्या प्रदेशात हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

पॅनेलातले सेल आणि अर्थिंग केलेली धातूची चौकट मिळून नकळत एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जोडी, तयार होतो. काचेवर पसरलेला पाण्याचा थर चौकटीला टेकला की त्याची क्षमता वाढते. अशा वेळी पॅनेलाचा जमिनीशी असलेला दाब ब्रिजच्या उघडझापीबरोबर उड्या मारू लागला, तर या कपॅसिटरमधून जमिनीकडे गळतीचा प्रवाह वाहतो.

चार ट्रान्झिस्टर आलटून पालटून तिरक्या जोड्यांनी चालवले, तर हा दाब स्थिर राहतो, पण चोकवरचा दाब प्रत्येक वेळी पूर्ण धनाकडून पूर्ण ऋणाकडे जातो आणि विजेचे नुकसान वाढते. मध्ये शून्य दाबाचा टप्पा ठेवला की नुकसान घटते, पण गळती वाढते. हा पेच ‘हेरिक’ या रचनेने फार सुंदर सोडवला आहे: एसी बाजूला दोन जादा ट्रान्झिस्टर बसवलेले असतात, शून्याच्या टप्प्यात चोकमधला प्रवाह त्यांच्यातूनच फिरतो आणि मूळचे चारही बंद राहिल्याने पॅनेल वीजवाहिनीपासून सुटे होते. ‘एच-५’ रचनेत हेच काम डीसी बाजूचा पाचवा ट्रान्झिस्टर करतो. ट्रान्झिस्टरांच्या अंगच्या कपॅसिटन्समुळे थोडी गळती तरीही उरते.

म्हणून इन्व्हर्टर गळतीवर सतत लक्ष ठेवतो, आणि सकाळी वाहिनीला जोडून घेण्याआधी पॅनेलांचे इन्सुलेशनही मोजतो. पावसाळ्यात सकाळी तो सुरू होत नसेल, तर दोष बहुधा त्याच्या ब्रिजमध्ये नसून गच्चीवर पाणी शिरलेल्या कनेक्टरमध्ये किंवा सोललेल्या केबलमध्ये असतो. त्यामुळे इन्व्हर्टर उघडण्यापूर्वी तंत्रज्ञाने डीसी स्विच बंद करून आधी ती जोडणी तपासावी.