एक डोळा झाकून बघा

[दृश्य: तुर्भे. एपीएमसीचं कांदा-बटाटा मार्केट, सकाळ]

गाळ्यासमोर गोण्यांची थप्पी लागलीय. काट्याजवळचा तोलणार पन्नाशी ओलांडलेला. आकडा वाचताना तो मान किंचित उजवीकडे वळवतो, डावा डोळा पुढे करतो. आपण असं करतो, हे त्याच्या गावीही नाही. विचारलं तर म्हणतो, "नजर एकदम झकास. आकडा दिसतो की!"

दिसतोच. कारण एक डोळा मंदावला की दुसरा सगळा भार उचलतो, आणि घरात वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

[दृश्य: वाशी स्टेशन, इंडिकेटरकडे वर बघणारी गर्दी]

2015 ते 2019 या काळात देशभर डोळ्यांचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. पन्नाशीपुढच्या दर शंभर माणसांत जवळपास दोघं अंध आढळली. अंध म्हणजे काळाकुट्ट अंधारच असं नव्हे. त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याने, असेल तो चष्मा लावूनही, तीन मीटरवरची बोटं मोजता येत नाहीत. कमी दिसणारे सगळे धरले तर आकडा शंभरात सव्वीसच्या पुढे जातो.

आणि या अंधांपैकी तिघांत दोघांचं कारण मोतीबिंदू. ज्याचं ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत उरकतं, तो! याचा राग यायला हवा.

[दृश्य: कोपरखैरणे, माथाडी वसाहतीतलं घर]

"अजून पिकला नाही ना, पिकू दे," हे आजही घरोघरी ऐकू येतं. ते जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनचं शहाणपण. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग फोडून ओढून घेतात आणि घडीचं नवं भिंग आत बसवतात. पिकून टणक झालेलं भिंग उलट फुटायला जड जातं. रोजच्या कामात अडायला लागलं, की वेळ झाली.

काचबिंदूचं तसं नाही. तिथे डोळ्यामागची नस सुकत जाते आणि नजर बहुधा कडेकडेने आत सरकते. मधलं वाचता येतं, म्हणून माणूस निर्धास्त. गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी फक्त उरलेली राखता येते. सख्ख्या भावाला, आईला असेल तर चाळिशीनंतर तपासणी टाळू नये.

शुगरवाल्यांचंही तेच. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हे कळत नाही. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघावा लागतो.

[दृश्य: दवाखाना. डोळ्यात थेंब, बाकावर डोळे मिटून बसलेली रांग]

बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड टोचतो. खाडा नको म्हणून इथेच बरेच जण मागे फिरतात. सुट्टीचा दिवस धरा, सोबत कुणाला तरी न्या. बाइक घरीच ठेवा.