जागा पारखणारे डिंभ

मंडळी, पवनी तालुक्यातल्या वाचनालयानं समुद्रातल्या जिवांवर व्याख्यान ठेवलं, याचा मला फार आनंद आहे. इथून समुद्र कुठल्याही दिशेनं शेकडो किलोमीटर दूर. तरी आजचा प्रश्न वैनगंगेतल्या शिंपल्यांनाही चुकलेला नाही. जन्मभर एकाच जागी राहायचं, तर ती जागा निवडायची कशी?

कोकणात जेट्टीच्या खांबांवर, होड्यांच्या बुडाला पांढरे टणक फोड आल्यासारखे दिसतात. अनवाणी पाय पडला तर कापतो. हे बार्नेकल, झिंग्या-खेकड्यांच्या कुळातले. डोक्याकडून खडकाला चिकटायचं आणि कवचात बसून पायांनी पाण्यातलं अन्न ओढायचं, असा यांचा संसार.

त्यांचं पिल्लू, म्हणजे डिंभ, मात्र मोकळं तरंगतं. सहा अवस्था पार केल्या की त्याचा सायप्रिड होतो. लांबी साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. सायप्रिड काहीच खात नाही. अंगातली चरबी संपायच्या आत त्याला जागा शोधायची असते. डोक्यावरच्या दोन स्पर्शिका टेकवत तो पृष्ठभागावर चक्क चालतो. प्रत्येक पावलाला जरासा तात्पुरता चिकट द्रव सोडतो, पुढे जातो, वळतो, तीच जागा पुन्हा तपासतो. पटली नाही तर उठतो आणि पोहत निघून जातो. पटली की पक्का सिमेंटसारखा पदार्थ सोडतो, आणि मग परत फिरणं नाही.

तो तपासतो काय? 1953 मध्ये नाइट-जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानं प्रयोगांतून दाखवलं की सायप्रिडना आपल्याच जातीचे बार्नेकल जिथे आहेत किंवा होते ती जागा आवडते. प्रौढांच्या कवचाशी असलेलं प्रथिन त्यांना स्पर्शानं ओळखता येतं. आधी चालून गेलेल्या सायप्रिडच्या पाऊलखुणाही नंतर येणाऱ्याला थांबवतात. यामागे साधी गरज आहे: बहुतेक बार्नेकलचं मीलन नराचा लांब अवयव शेजाऱ्यापर्यंत पोचूनच होतं, आणि हलता येत नसल्यानं शेजारी त्याच्या टप्प्यातच हवा. एकटा बसला की वंश बहुधा तिथंच थांबला.

हायड्रॉइडिस नावाचा नळीत राहणारा किडा जीवाणूंवर विसंबतो. पाण्यातल्या कुठल्याही वस्तूवर जीवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. त्यातला एक जीवाणू स्प्रिंगसारख्या आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म नळ्यांचा जुडगा तयार करतो, आणि त्याच्या संपर्कात आल्यावर डिंभाचं किड्यात रूपांतर सुरू होतं. 2014 मध्ये हे उघड झालं. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. प्रवाळांचे डिंभही असेच काही लाल शेवाळांच्या कठीण थरावर आणि तिथल्या जीवाणूंजवळ बसतात.

आता आपली वैनगंगा. नदीच्या शिंपलीचा डिंभ पोहून जागा शोधू शकत नाही. आई त्याला कल्ल्यांत वाढवून पाण्यात सोडते, आणि तो जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा घेऊन बसतो. काही दिवस-आठवडे तिथं वाढतो, मग गळून तळाशी पडतो. मासा जिथवर जाईल तिथवर शिंपली. बंधाऱ्यानं मासा अडला की तिचाही रस्ता अडतो.

डोंगा घेऊन जाळं टाकणाऱ्या धीवर बांधवांना माझी मनापासून विनंती आहे. मासा साफ करताना कल्ले उघडून भिंगानं पाहा. बारीक पांढुरके दाणे दिसले, तर ती शिंपलीची पिल्लं असू शकतात. कोणत्या माशावर दिसले, कोणत्या महिन्यात, कोणत्या डोहात, एवढं वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी येईन तेव्हा आपण ती वही मिळून वाचू.