अ तुकडी, ब तुकडी आणि तुरीची पट्टी

नमस्कार मंडळी, ऐकताय ना. आजचा विषय आहे गुरुजी. चांगला शिकवणारा गुरुजी मिळाला तर लेकराच्या शिकण्यात फरक किती पडतो, अन् पडतो तर तो मोजायचा कसा. तुम्ही म्हणाल यात मोजायचं काय, गावात सगळ्यांना ठाऊक असतं कोणता मास्तर शिकवतो अन् कोणता नुसती खुर्ची उबवतो. खरंय. पण सरकार पैसा देतं कागद बघून, अन् कागदाला आकडा लागतो.

तर १९६६ साली अमेरिकेत जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं सहा लाखांच्या आसपास पोरांची पाहणी करून एक अहवाल दिला, त्यात निघालं की इमारत, पुस्तकं, खर्च यापेक्षा लेकरू कोणत्या घरातनं येतं त्याचंच वजन जास्त. लोकांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं, की शाळेनं काही होत नाही. मग एरिक हानुशेक म्हणून अर्थतज्ज्ञ, त्यांनी इंडियाना राज्यातल्या गॅरी शहरातली गरीब घरची पोरं बघितली. तिथं चांगल्या शिक्षकाकडं पोरं एका वर्षात दीड वर्षाचं शिकली, कच्च्या शिक्षकाकडं अर्ध्या वर्षाचं. पुन्हा सांगतो, वर्ष एकच, एकीकडं दीड वर्षाचं शिक्षण, दुसरीकडं अर्ध्या.

ह्या मोजमापाला व्हॅल्यू ॲडेड म्हणतात. वर्गात आलं तेव्हा लेकराला काय येत होतं अन् वर्ष सरल्यावर काय येतंय, तो मधला फरक धरायचा. काळ्या भारी रानात कापूस कुणालाबी होतो, मुरमाडात किती काढला ते बघायचं. म्हणूनच मला ते चौकातले निकालाचे फ्लेक्स पटत नाहीत, दहावीला नव्वद टक्केवाली पोरं गोळा करायची अन् बारावीला नव्वद टक्केवाली दाखवायची, अरे मधात तुम्ही काय केलं ते सांगा की. असो, फ्लेक्सवर बोलायला लागलो तर कार्यक्रम संपंल.

आता एक गोष्ट सांगतो, मला ती सांगायला आवडते म्हणून सांगतो. परभणीकडचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, सहावीच्या दोन तुकड्या. मी ब तुकडीत. आमचे सर गाइडवाले, म्हणजे वाईट नव्हते हां, वेळेवर यायचे, फळा भरायचे, पेपरात कोणतं गणित येणार ते त्यांना आधीच कळायचं अन् तेच आम्ही घोटून घोटून लिहायचो. अ तुकडीला एक गुरुजी बदलीवर नवीन आलेले. दशांश अपूर्णांक शिकवायच्या टायमाला त्यांनी पोरांना सांगितलं, घरी मोंढ्याची पट्टी असंल तर घेऊन या. पट्टी तुम्हाला माहीतच आहे, मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात माल घातला की आडत्या, म्हणजे माल विकून देणारा दलाल, वजन, भाव, रक्कम लिहून देतो ती पावती. दुसऱ्या दिवशी पोरांनी आणल्या, कुणी देवाच्या फोटोमागनं काढलेली, कुणी गादीखालची, एकीवर तर पानाचा लाल डाग, अन् गुरुजी एकेक पट्टी फळ्यावर उतरवून वजन, भाव, हमाली, तोलाई सगळं पोरांकडनंच करून घ्यायचे. आम्ही खिडकीतनं बघायचो, वाटायचं यांची मजा चाललीय, यात गणित कुठाय.

त्या वर्गात एक पोरगी होती, बोलायची कमी. तिच्या बापानं सहा पोती तूर घातलेली. पट्टीवर पोत्यागणिक वजन लिहिलेलं, ९७, ९६, ९८ अन् मग तीनदा ९७. खाली एकूण ५ क्विंटल २८ किलो, भाव १,६५०, रक्कम ८,७१२ रुपये. सगळ्या वर्गानं गुणाकार केला, ८,७१२ बरोबर. गुरुजी पुढची पट्टी घेणार तर ही उठली अन् म्हणाली, गुरुजी, पोती सहा, प्रत्येक शंभराच्या जवळ, मग सहा क्विंटलला जराच कमी पाहिजे ना, पाच अठ्ठावीस कसं? बेरीज केली तर ५८२. आकडे उलटे पडले होते, का पाडले होते, ते आडत्याला माहीत. ५४ किलो तूर गेली होती, म्हणजे ८९१ रुपये, अन् त्या काळात ८९१ रुपये म्हणजे खताच्या दुकानाची उधारी फिटायची.

बाप मोंढ्यात गेला तो पोरीला अन् गुरुजींना घेऊन गेला. आडत्या हसला, म्हणे गुरुजी तुम्ही शाळा सांभाळा, इथलं आम्ही बघतो. तर त्या पोरीनं तिथंच, गादीसमोर उभं राहून, तोंडी सांगितलं, एक ९६ हाय अन् एक ९८, ते एकमेकात गेले, म्हणजे ९७ सक, ५८२. मुनीमानं वही उघडली. वहीत ५८२ च होते. पैसे दिले बरं का त्यानं, वर चहाबी पाजला.

अन् आता खरी गंमत ऐका. वार्षिक परीक्षेत मार्क जास्त कुणाला? आम्हाला, ब तुकडीला. गावात बोभाटा झाला की नवा मास्तर लेकरं मोंढ्यात फिरवतो, शिकवत काही नाही. मग आठवीला दोन्ही तुकड्या शेजारगावच्या हायस्कुलात एकाच वर्गात बसल्या, बीजगणित सुरू झालं, अन् आम्ही ब वाले विचारतोय सर हे कोणत्या नमुन्याचं गणित, अन् अ वाली पोरं उत्तर काढून आपसात भांडतायत की एवढं मोठं उत्तर येईलच कसं. नापास कोण झालं ते विचारू नका.

एका गावावरनं काही सिद्ध होत नाही, मलाबी कळतं. पण २०१० साली स्कॉट कॅरल अन् जेम्स वेस्ट यांचा एक अभ्यास छापून आला, अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीतला. तिथं पोरांना प्रोफेसर निवडता येत नाही, वाटणी आपोआप होते, पेपर सगळ्यांना एकच, म्हणून हुशार पोरं एकाकडंच गेली असं म्हणायला जागा नाही. दहा हजारांवर पोरं. निघालं काय, तर कमी अनुभवी प्रोफेसरांची पोरं त्या वर्षीच्या पेपरात पुढं, अन् पोरांनी त्यांना शेराबी चांगला दिला. पण त्याच विषयाचा पुढचा कोर्स आला की अनुभवी प्रोफेसरांकडं शिकलेली पोरं पुढं. पुन्हा सांगतो, त्या वर्षी मार्क कमी, पुढच्या वर्गात पाया पक्का.

अजून लांबचं बघायचं तर राज चेट्टी म्हणून अर्थतज्ज्ञ, आपल्या दिल्लीत जन्मलेले, त्यांनी दोन जोडीदार घेऊन दहा लाखांवर मुलांची शाळेची माहिती अन् मोठेपणीची टॅक्सची माहिती जोडली. २०१४ ला छापलं. तिसरी ते आठवीत चांगला शिक्षक लाभलेली पोरं कॉलेजला जास्त गेली, कमाई जास्त, अन् पोरी विशीच्या आत आई होण्याचं प्रमाण कमी. हे शेवटचं आपल्याकडं मोठ्यानं वाचायला पाहिजे.

बरं, चांगला गुरुजी ओळखायचा कसा? डिग्रीवरनं फारसं कळत नाही, अनुभवाचा फायदा दिसतो तो मुख्यतः पहिल्या काही वर्षांत. पाकिस्तानच्या पंजाबात नताली बाऊ अन् जिष्णू दास या अर्थतज्ज्ञांनी बघितलं, सरकारी शाळेत पगार अन् शिकवणं यांचा मेळच नाही.

हां, पगार म्हटलं की अपडाऊनवाल्या गुरुजींवर घसरणारे लई हायेत. २००३ ला देशभर शाळांना अचानक भेटी दिल्या तेव्हा शंभरातले पंचवीस शिक्षक गैरहजर होते, महाराष्ट्रात पंधराच्या आसपास, सगळ्यात कमी. तेव्हा जरा दमानं. वरनं खिचडीचा हिशोब, मतदार यादी, ऑनलाइन माहिती, हे सगळं करून माणूस फळ्यापाशी कधी जाणार.

ह्या मोजमापात एक अडचण मात्र आहे. आपल्याकडं वर्गात पंधरा-वीस लेकरं, दिवाळीला त्यातली चार-पाच मायबापाबरोबर ऊसतोडीला जातात, मग सरासरी कोणाची काढता? एवढ्याशा वर्गाच्या एका वर्षाच्या मार्कांवर गुरुजींची यादी लावली तर वर खाली कोण येईल ते नशिबावर. दोन-तीन वर्षं धरली तर काहीतरी कळंल. शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर पुढच्या मीटिंगला सातवीचा निकाल मागा, अन् आठवीच्या मास्तरलाबी बोलवा, त्याला विचारा आमच्या शाळेतनं आलेल्या पोरांना काय येतंय. पुढच्या वेळी हंगामी वसतिगृहांवर बोलू, मायबाप ऊसतोडीला गेले की लेकरांना गावात ठेवतात ती. नमस्कार.