आंब्याच्या लाकडातली जुनी जखम

(वरूड तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात एप्रिल महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बोलायला लागण्याआधी टेबलावरचा हा आंब्याच्या लाकडाचा तुकडा तुमच्यात फिरवतो. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. कडेचं लाकूड पाहा, पिवळसर आणि टणक आहे. मधला काळा पट्टा नखानं उकरा, भुसा निघेल. हे झाड एका कास्तकाराच्या धुऱ्यावर उभं होतं. गेल्या वैशाखात वावधन आलं आणि ते बरोबर या काळ्या पट्ट्यावर मोडलं. पट्टा जिथून सुरू होतो तिथे वीसेक वर्षांपूर्वी एक फांदी होती. ती मी कापली होती.

तेव्हा झाडं छाटायच्या कामात मी नवा होतो. मालक खाली उभे राहून म्हणाले, "कायले थुटूक ठेवता? बुडापासून साफ उडवा." मी आरी खोडाला घासून चालवली आणि फांदी अशी सपाट काढली, की हात फिरवला तर खोड कुठे संपतं आणि जखम कुठे सुरू होते ते कळू नये. वरून डांबर फासलं. मालक खूश झाले, मलाही कामाचा अभिमान वाटला. सडायला सुरुवात तिथूनच झाली. माझ्याकडच्या हत्यारांबद्दल बोलायला तुम्ही मला बोलावलं आहे आणि मी ती आणलीही आहेत. पण कुठलंही हत्यार पिशवीतून काढताना माझ्या डोळ्यांपुढे हा तुकडा असतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

माणसाला खरचटलं की नवी कातडी येते, जुनी पेशी जाऊन तिच्या जागी नवी बसते. झाडाचं तसं नाही. लाकूड एकदा जखमी झालं की ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. झाड त्या जागेला आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. जखम झाकली जाते, पण आत ती तशीच राहते. अमेरिकेच्या वन खात्यात ॲलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं चेनसॉनं उभी चिरून आतली सड कशी पसरते ते पाहिलं आणि १९७० च्या दशकात या भिंतींची मांडणी केली. वर-खाली जाणाऱ्या सडीला अडवणारी भिंत सगळ्यात कच्ची असते, म्हणून सड खोडात उभी पट्ट्यासारखी धावते. जखमेनंतर जे नवं लाकूड येतं, त्याच्या आणि जुन्या लाकडाच्या मधली भिंत सगळ्यात पक्की. पोकळ चिंच शंभर वर्षं का उभी राहते, याचं उत्तर याच भिंतीत आहे. आतलं गेलेलं असतं, बाहेरचं कडं जिवंत असतं.

आता फांदीचं बूड नीट बघा. फांदी खोडाला मिळते तिथे गळपट्टीसारखा थोडा फुगीर भाग असतो. आंब्यावर, कडुलिंबावर तो सहज दिसतो. सड अडवण्याची झाडाची सगळी तयारी त्या फुगीर भागात असते. तो कापून टाकला, की चौकीदार मारून घर उघडं ठेवल्यासारखं होतं. आणि हातभर थुटूक ठेवलं तर ते वाळतं, सडतं, त्यातून भुंगे आत शिरतात. म्हणजे मालकांचं थुटकाबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. कापायचं फुगवट्याच्या लगेच बाहेर, इकडे नाही आणि तिकडेही नाही. ती दोन बोटांची जागा ओळखण्यात माझी उमेदवारीची वर्षं गेली.

मोठी फांदी एका कापात काढायची नसते. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून काप द्यायचा, फांदीच्या जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा. मग त्याच्या थोडं बाहेर वरून कापायचं. फांदी वजनानं मोडते आणि खालच्या कापावर येऊन सुटते, खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेलं थुटूक हलकं असतं, ते फुगवट्याजवळ शांतपणे काढायचं. नुसतं वरून कापलं तर फांदी पडताना खोडाची चार-चार फूट साल ओरबाडून नेते. तुमच्या गावातही अशी सोललेली झाडं असतील. येताना रस्त्यावर मी दोन पाहिली.

डांबराचं म्हणाल तर मोठ्या झाडाच्या जखमेवर मी आता काहीच लावत नाही. डांबर, ऑइलपेंट, गेरू यांनी आतली सड थांबत नाही. उलट खाली ओल कोंडते. लोकांना हे पटवणं माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. जखम उघडी दिसली की मालकाच्या पोटात कालवतं, आणि त्या मायेचा मी आदरच करतो.

संत्र्याचा हिशोब मात्र वेगळा आहे. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या बागा आहेत, म्हणून यावर जरा जास्त बोलतो. संत्र्याचा मोठा वैरी डिंक्या. त्याची बुरशी जमिनीत असते, पाण्याबरोबर चालते आणि खोडाच्या बुडाशी साल कुजवून डिंक गाळते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे तिला इथे चांगलंच फावतं. अशा जागी बोर्डो मलम हवंच. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद वेगळा भिजवायचा, चुना वेगळा, तोही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. लोखंडाच्या बादलीत कधीच नाही. दोन्ही एकत्र केल्यावर त्यात विळ्याचं पातं बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळा राहिला आहे, आणखी चुना घाला. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खोडाला लावा. या मिश्रणाचा शोध फ्रान्सच्या बोर्डो भागात लागला. तिथे वाटेवरची द्राक्षं कोणी तोडून खाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद-चुना शिंपडत. त्या वेली केवडा नावाच्या रोगापासून वाचलेल्या दिसल्या. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांनी त्याचा अभ्यास करून १८८५ साली ते जगापुढे ठेवलं.

आणि मलमापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे खोडाला पाणी लागू देऊ नका. डबल रिंग करा, पाणी दोन गोलांच्या मधे राहू द्या. कलमाचा डोळा मातीत गाडला गेला असेल तर आजच माती ओढा.

सल काढणं हे माझं वर्षातलं सगळ्यात लांब काम. बहार तोडून झाला की वाळलेल्या काड्या काढायच्या. वाळलेल्या भागाबरोबर खालचा बोटभर हिरवा भागही घ्यायचा, कारण रोग वाळल्या-हिरव्याच्या सीमेवर बसलेला असतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायची. याला मजूर कंटाळतात. मी डबा कमरेलाच बांधून देतो, म्हणजे वाकावं लागत नाही. काढलेली सल बागेत पडू द्यायची नाही, बाहेर नेऊन जाळायची. साल खाणाऱ्या अळीसाठी पिशवीत सायकलची एक तार असते. भोकातून अळी ओढायची, पेट्रोलचा बोळा घालायचा, चिखलानं तोंड बंद करायचं.

आता पिशवी. कुऱ्हाड आहे, पण ती खाली पडलेल्या फांद्यांसाठी. जिवंत झाडावर मी कुऱ्हाड चालवत नाही, कारण तिची जखम फाटकी होते. घडीची आरी आहे, ती ओढताना कापते. झाडावर बहुतेक काम मी तिच्यानंच करतो. चेनसॉला आपल्याकडे कटर म्हणतात. तो मुख्यतः जमिनीवरच्या कामाला. माझ्या मशीनला पेट्रोलमध्ये पन्नासास एक ऑइल लागतं, लिटरला २० मिली. तुमच्या मशीनचं प्रमाण तिच्या पुस्तकात पाहा, शेजाऱ्याला विचारू नका. धार गेली की नाही ते भुशावरून ओळखा. जाड काप पडत असतील तर साखळी चांगली आहे. पिठासारखा भुसा आला की थांबा, गोल कानस घ्या आणि प्रत्येक दाताला सारखे हात मारा. बोथट साखळीवर माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की अपघात होतो. साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं. डोळा मिटायच्या आत. म्हणून खांद्याच्या वर कटर धरायचा नाही आणि एका हातानं तर कधीच नाही.

दोरावर माझा जीव असतो, म्हणून त्याच्याबद्दल सांगतो. माझे वडील अंबाडीचा सोल कमरेला बांधून चढत. माझा दोर १२ मिलीमीटरचा आहे आणि अंगात पूर्ण हार्नेस असतो. त्या दोरानं बैल बांधायचे नाहीत, फांदी उतरवायची नाही. एकदा एका नातेवाइकानं तो न विचारता नेला आणि चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ओढला. परत आला तेव्हा वरून चांगला दिसत होता. मी त्याचे तुकडे करून गोठ्याला दिले. नातेवाईक रुसले, पण दोराच्या आतले किती धागे तुटले ते बाहेरून कळत नाही. आणखी एक. आरी चालवताना मी नेहमी दोन ठिकाणी बांधलेला असतो. वर कापताना माणसाची आरी स्वतःच्याच दोरावर जाऊ शकते.

जवळून विजेची तार जात असेल तर लाइनमननं परमिट घेऊन लाइन बंद केल्याशिवाय मी झाडाला हातही लावत नाही. ओली फांदी तारेला लागली की ती फांदी राहत नाही, तार होते. याच कारणानं मी हातातली कामं सोडली आहेत.

उन्हाळ्यात काम पहाटे साडेपाचला सुरू होतं आणि दहाला बंद. नवतपात तर नऊलाच. घामानं डोळे भरलेला माणूस झाडावर नको. आग्या मोहोळ असेल त्या झाडावर चढत नाही. बिब्ब्याचं झाड कापताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालतो, त्याचा चीक अंगावर पडला की फोड येतात.

आता तुमच्या गावच्या मोठ्या झाडांकडे येतो. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारसला वादळात जुना कडुलिंब मंदिराच्या टिनाच्या शेडवर कोसळला आणि सात माणसं गेली. ती माणसं वादळापासून वाचायलाच शेडमध्ये उभी होती. त्या झाडाच्या आत काय होतं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्यावर बोलणार नाही. पण तेव्हापासून कुठल्याही गावात गेलो की आधी देवळाजवळचं, शाळेजवळचं झाड बघतो. लाकडी हातोडीनं खोड ठोकून पाहतो, पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. बुडाशी भूछत्रं आहेत का, एका बाजूची माती उचलली गेली आहे का, पाराचं सिमेंट खोडाला चिकटून ओतलं आहे का, ते बघतो. पार बांधा, पण खोडाभोवती दोन-तीन हात माती मोकळी ठेवा. रस्त्यासाठी नाली खणताना एका बाजूची मुळं तोडली असतील तर ते झाड त्या बाजूनं उघडं पडलं, हे लक्षात ठेवा.

बघून झाल्यावर दर वेळी तोडायचं असतं असं नाही. खूपदा दोन जड फांद्या हलक्या केल्या की पुरतं. तोडायचं ठरलं तर आधी परवानगी. महाराष्ट्रात झाडतोडीचा कायदा १९६४ चा आहे. साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ ही त्याच्या यादीतली झाडं, स्वतःच्या वावरात असली तरी. कागद नसेल तर मी येत नाही.

मघाशी या काकांनी विचारलं, ढोलीत सिमेंट भरावं का? नको. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांच्या मधे फट पडते, तिच्यात पाणी साचतं आणि आतलं चांगलं लाकूडही घासलं जातं. ढोली तशीच राहू द्या. ती रिकामी नसतेही. शेजारच्या गावात शाळेमागे जांभळाची एक जाड फांदी काढायचं काम मार्चमध्येच आलं होतं. मी चढून पाहिलं तर फांदीच्या बेचक्यात ढोली, आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं. फक्त एक चीर उघडी. त्यातून धनेशाच्या मादीची चोच दिसली. ती आत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. मी खाली उतरलो आणि हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी फांदीखालच्या जागेभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि मुलांना जायला दुसरी वाट करून दिली. परवा पुन्हा जाऊन आलो. नर उंबराची फळं घेऊन येत होता. पिल्लं उडाली की, बहुतेक मृगाच्या आधी, ती फांदी मी काढणार आहे.