शनिवारचा खाडा

नमस्कार श्रोतेहो.

खाडा म्हणजे काय, हे सोलापूरकरांना समजावून सांगायची गरज नाही. मिलचा भोंगा झाला आणि माणूस गेटाच्या आत नसला, की हजेरीपटावर खाडा आणि पगारातून दिवस वजा. माझे वडील माग खात्यात होते, आधी बदली, नंतर कायम. आणि कबड्डी खेळायचे. उजवा कोपरा सांभाळायचे. सामने बार्शीला, पंढरपूरला, एखाद्या वेळी मिरजेकडं. सामना बाहेरगावी असला की शनिवारची पाळी बुडायची. संघाकडून मिळायचं एसटीचं भाडं, आणि जिंकले तर एक टॉवेल. सोलापुरात टॉवेलचं बक्षीस! एका महिन्यात तीन खाडे लागले तेव्हा आजोबांनी सांगितलं, ‘खेळ की बे, कोन नको म्हनतंय? पन खाडा नगं.’ वडिलांचा खेळ तिथं थांबला. गुडघे शाबूत, दम शाबूत, वय जेमतेम सत्तावीस.

आज बोलायचंय ते मात्र फार लांबच्या माणसाबद्दल. वेल्सचा रग्बी खेळाडू जोनाथन डेव्हिस. तिकडं त्याला सगळे ‘जिफी’ म्हणतात. एके काळचा खेळाडू, पुढं बीबीसीवरचा पंडित. हो, पंडितच. आपला हा शब्द इंग्रजांनी नेला, आणि सामना संपल्यावर कोट घालून स्टुडिओत बसून कुणाचं कुठं चुकलं ते सांगणाऱ्याला ते आता पंडित म्हणतात. मराठी रेडिओच्या जुन्या श्रोत्यांना याचं नवल वाटायला नको. आपल्याकडं क्रिकेटचं धावतं वर्णन घराघरांत पोचवणाऱ्या बाळ ज. पंडितांचं तर आडनावच ते होतं.

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत केबल आली आणि रात्री उशिरा कधी कधी रग्बी दिसायला लागलं. वडिलांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण ते एकटक बघायचे. ‘हे तर आपलंच हाय, फकस्त चेंडू जादा,’ म्हणायचे. तसं म्हणायला जागा आहे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरचे अंगावर येऊन पकड घालणार, आणि तरी त्यांच्या रेषेपलीकडं जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा. त्याला म्हणतात ट्राय. गंमत अशी, की पुढं जायचं असलं तरी हातानं चेंडू फेकायचा तो बाजूला किंवा मागंच. पुढं घालवायचा तर लाथेनं. एका बाजूला पंधरा जण, आणि त्यातला दहा नंबरचा गडी म्हणजे संघाचं डोकं. पळायचं, फेकायचं की लाथ घालायची, हे तो ठरवतो. डेव्हिस दहा नंबरचा.

त्याची गोष्ट कळायची तर शंभर वर्षं मागं जावं लागतं. इंग्लंडमध्ये रग्बीची मोठी संघटना निघाली १८७१ साली. सोलापुरातली पहिली मोठी कापड गिरणी, आपण जिला जुनी मिल म्हणतो, ती त्याच दशकातली. संघटना चालवणारे बहुतेक दक्षिणेकडचे, शिकलेले, खाऊनपिऊन सुखी. उत्तरेला यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये खेळणारे मात्र गिरणीतले नाहीतर खाणीतले. त्यांना शनिवारी दुपारपर्यंत काम असायचं आणि सामना शनिवारीच. खेळायला गेलं की मजुरी कापली जायची. उत्तरेच्या क्लबांनी मागणी केली, की बुडालेल्या वेळेची भरपाई द्या. ते त्याला ब्रोकन टाइम म्हणत. आपण खाडा म्हणतो. संघटना म्हणाली, पैसे घेऊन खेळणं सभ्य माणसाचं काम नाही. मग २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात, जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेचे क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यांनी खाड्यापोटी दिवसाला सहा शिलिंग द्यायचं ठरवलं. त्यांचा खेळही हळूहळू बदलला, पंधराचे तेरा झाले. तो रग्बी लीग, आणि जुना तो रग्बी युनियन.

पुढं युनियनवाल्यांनी नियम इतका कडक केला, की लीगमध्ये एकदा पैसे घेतले तर युनियनचं दार जन्मभर बंद. खेळायचं नाही, शिकवायचंही नाही. पैशाचा असा विटाळ मानणाऱ्या याच मंडळींचा एक जुना करंडक आहे, इंग्लंड आणि स्कॉटलंड दर वर्षी ज्याच्यासाठी खेळतात तो कलकत्ता कप. १८७८ मध्ये कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडत आला, तेव्हा बँकेतले चांदीचे २७० रुपये काढून वितळवले आणि त्याचा हा कप घडवला. मुठीच्या जागी नाग आहेत आणि झाकणावर हत्ती. म्हणजे खेळात पैसा नको, पण पैसा वितळवून भांडं केलं तर चालेल. असो.

डेव्हिस जन्मला १९६२ साली, दक्षिण वेल्समधल्या त्रिमसरान या कोळसा खाणीच्या खेड्यात. वडील तो शाळकरी असतानाच गेले. वेल्समध्ये थट्टेनं म्हणतात, की त्या भागात डोंगराखाली दहा नंबरचे खेळाडू बनवायचा कारखाना आहे. बॅरी जॉन, फिल बेनेट, सगळे त्याच पट्ट्यातले. हा पोरगा रंगकाम करायचा आणि नीथ क्लबकडून खेळायचा. एप्रिल १९८५ मध्ये इंग्लंडविरुद्ध वेल्सकडून पहिला सामना, पहिल्याच सामन्यात ट्राय आणि ड्रॉप गोल, म्हणजे चेंडू हातातून टप्पा पाडून लाथेनं खांबांमधून घालवणं, आणि वेल्स २४–१५ नं जिंकलं. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकात वेल्स तिसरं आलं, त्याही संघात हा होता.

मग १९८८ चा न्यूझीलंड दौरा. पहिल्या कसोटीत वेल्स ३–५२ नं हरलं, दुसऱ्यात ९–५४ नं. दुसऱ्या कसोटीत कर्णधार डेव्हिस. परत आल्यावर तो संघटनेला म्हणाला, वार्षिक सभेत मला बोलू द्या, तिकडं काय बघितलं ते सांगतो. त्याला बोलू दिलं नाही. खेळाडूनं खेळावं, सभेत बोलायला पदाधिकारी आहेत. आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा संघटनेचं दार ठोठावलेल्या माणसाला हा सूर ओळखीचा वाटेल. डिसेंबरात कार्डिफला रुमानियानं वेल्सला हरवलं. कर्णधार पुन्हा तोच. आणि जानेवारी १९८९ मध्ये तो उत्तर इंग्लंडमधल्या विडनेस क्लबच्या करारावर सही करून लीगमध्ये गेला, त्या काळच्या विक्रमी रकमेवर.

वेल्समध्ये याला ‘उत्तरेला जाणं’ म्हणायचे. गावातला कुणी उत्तरेला गेला, असं म्हणताना आवाज खाली यायचा. खरं तर युनियनमध्येही गुपचूप पाकिटं चालायची, बुटांतून नोटा निघायच्या. तिथं गुन्हा होता तो उघड घेण्याचा.

नुसत्या बोलण्या-लिहिण्याचे पैसे घेतले तरी गुन्हा. बिल ब्युमाँट हा इंग्लंडचा कर्णधार १९८२ मध्ये निवृत्त झाला, आत्मचरित्र लिहिलं, आणि त्याचं मानधन स्वतः ठेवलं म्हणून धंदेवाईक ठरला. संघटनेनं त्याला प्रशिक्षणापासूनही लांब ठेवलं. पुढं हाच ब्युमाँट २०१६ ला जागतिक रग्बीचा अध्यक्ष झाला! मला या गोष्टीचं हसू येतं आणि रागही येतो. खेळात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला त्याबद्दल बोलून चार पैसे मिळवायचे, तर स्वतःच्याच खेळातून हद्दपार व्हायचं. असा पंडित तयार व्हायचा तरी कसा?

डेव्हिस किरकोळ अंगाचा. तेरा जणांच्या त्या रांगड्या खेळात याची हाडं मोडणार, असं पुष्कळांना वाटलं होतं. नाही मोडली. विडनेसनंतर तो वॉरिंग्टनला गेला. ते तारेच्या कारखान्यांचं गाव. १९९४ मध्ये तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरात लंडनच्या वेम्बली मैदानावर ब्रिटनचा ऑस्ट्रेलियाशी लीगचा सामना, डेव्हिस ब्रिटनकडून. अर्धा तास व्हायच्या आत ब्रिटनचा शॉन एडवर्ड्स धोकादायक पकडीबद्दल मैदानाबाहेर, म्हणजे उरले बारा. आणि त्या अवस्थेत डेव्हिसला जरा फट दिसली. फेकतो फेकतो असं दाखवलं, फेकलाच नाही, आणि बाहेरच्या बाजूनं वळसा घेऊन ऑस्ट्रेलियाच्या फुलबॅकला, म्हणजे सगळ्यांत मागं राखणाऱ्या गड्याला, मागं टाकत कोपऱ्यात झेप घेतली. ब्रिटन ८–४ नं जिंकलं. हा तुकडा आज फोनवरसुद्धा बघायला मिळतो, जरूर बघा. कबड्डी खेळलेल्या माणसाला त्यातली हूल लगेच दिसेल. खांदा एकीकडं, पाय दुसरीकडं.

ऑगस्ट १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं पॅरिसमध्ये जाहीर केलं, की युनियनमध्येही आता पैसे घेऊन खेळता येईल. जॉर्ज हॉटेलच्या बैठकीला शंभर वर्षं पुरी व्हायला दोन-तीन दिवस उरले होते. हे मन बदलल्यामुळं झालं असं कुणी समजू नये. दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघटनांनी रुपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीशी दूरदर्शन प्रक्षेपणाचा दहा वर्षांचा करार केला होता, ५५ कोटी डॉलरचा. सहा शिलिंग ज्यांना जड झाले होते, त्यांना ५५ कोटी हलके वाटले.

डेव्हिस त्याच हिवाळ्यात कार्डिफ क्लबकडून युनियनमध्ये परतला. ज्या दारातून कुणी परत आलं नव्हतं, त्यातून उलटा आत येणाऱ्या पहिल्या काही जणांतला एक. वय ३३. पाय थोडे जड झालेले. वेल्सकडून पुन्हा खेळला, आणि मार्च १९९७ मध्ये इंग्लंडविरुद्ध शेवटचा सामना. कार्डिफच्या त्या जुन्या मैदानावरचाही तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना होता, नंतर ते पाडलं. वेल्स हरलं. त्याच वर्षी त्याची पत्नी कॅरेन कर्करोगानं गेली. कार्डिफमधल्या कर्करोग रुग्णालयासाठी निधी जमवायच्या कामात तो तेव्हापासून आहे. याबद्दल मी अधिक बोलत नाही.

आणि मग माईक. रग्बीचा सामना ऐंशी मिनिटांचा, पण चेंडू खरा खेळात असतो त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळ. बाकी वेळ पडापडी, उठणं, पंचांची शिट्टी, दोन्हीकडच्या आठ-आठ जणांचा डोक्याला डोकं लावून रेटा. वर्णन करणारा सांगतो काय झालं. पंडितानं त्या रिकाम्या वेळात, आठ-दहा सेकंदांत, सांगायचं का झालं. डेव्हिस ते दोन्ही अंगांनी सांगू शकतो. युनियनमध्ये बचावाची भिंत उभी करायची आजची पद्धत बरीचशी लीगवाल्यांकडून आली. वेम्बलीवर बाहेर काढलेला तो शॉन एडवर्ड्स पुढं २००८ ते २०१९ वेल्सच्या युनियन संघाला बचाव शिकवत होता. ती भिंत कुठं फुटेल, हे डेव्हिसला माहीत असणार, कारण त्यानं ती फोडलेली आहे. मला तो दर वेळी आवडतो असं नाही. वेल्सचा सामना असला की तो पक्षपाती होतो, आरडाओरडा करतो, आणि पडद्यावर आपल्याला दिसलेलंच पुन्हा सांगतो. पण एखाद्या वेळी ट्राय झाल्यावर तो म्हणतो, तो शेवटचा सोडा, तीन फेकींआधी तो कोपऱ्यातला गडी बघा. तेव्हा कान टवकारतात.

शिवाय तो हे दोन भाषांत करतो. घरची भाषा वेल्श, आणि त्या भाषेच्या वाहिनीवरही त्याचे कार्यक्रम झाले. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच रिक्षात ऐकू येणाऱ्या आपल्या गावाला यात विशेष वाटणार नाही. पण खेळ ज्या भाषेत शिकलो त्याच भाषेत त्याची मीमांसा करायला मिळणं, हे रेडिओवर बोलणाऱ्याला विशेष वाटतं.

खेळायला न मिळालेलाही या कामात मोठा होतो, हे सांगायला हवं. स्कॉटलंडच्या हॉइक गावचा बिल मॅकलारेन. हॉइकही विणकामाच्या गिरण्यांचं गाव. देशाच्या संघात जायच्या उंबरठ्यावर त्याला क्षय झाला. आरोग्यधामात पडल्या पडल्या त्यानं तिथल्या रेडिओवर टेबल टेनिसच्या सामन्याचं वर्णन केलं, आणि पुढं २००२ पर्यंत तो बीबीसीवर रग्बीचा आवाज होता. सामन्याआधी पत्ते पिसून एकेक नंबर काढायचा आणि खेळाडूचं नाव पाठ करायचा. व्यवसायानं शाळेतला कवायतीचा मास्तर.

माझे वडील खेळणं सुटल्यावरही सामने चुकवत नसत. पाळी संपली की थेट मैदान. दोरीच्या मागं उभं राहून शेजाऱ्याला सांगायचे, ‘उजवा कोपरा झोपलाय बघ, आता ह्यो बोनस घिऊन जानार.’ आणि तो जायचा. हळूहळू त्यांच्याभोवती दहा-पंधरा माणसं गोळा व्हायची, चढाईपेक्षा त्यांच्याकडं कान लावून. एका वर्षी संयोजकांच्या हे ध्यानात आलं. त्यांनी वडिलांना मांडवात बोलावलं, खुर्ची दिली, माईक पुढं केला आणि म्हणाले, उद्या उपांत्य सामने आहेत, तुम्हीच बोला.

वडिलांनी माईकवर फुंकर मारून बघितली. मग विचारलं, ‘किती वाजता? दुसरी पाळी हाय माझी.’