लायनफिशचे काटे

श्रोतेहो, नमस्कार.

शिंगाळ्याच्या काट्याला जपायचं, हे नाशिकच्या मासळी बाजारात कुणाला सांगावं लागत नाही. टाकीतला लायनफिश मात्र नुसता बघत बसावा असा, आणि त्या भरात नको तिथे हात जातो. छातीजवळचे ते मोठे पंखे निर्विष असतात. विष असतं पाठीवरच्या 13 काट्यांत, शिवाय पोटाखालच्या 2 आणि शेपटीकडच्या 3 काट्यांत. काट्याच्या दोन खाचांत विषाच्या पेशी, वर पातळ कातडी. काटा रुतला की कातडी मागे सरकते आणि विष जखमेत उतरतं.

मूळचा हा हिंदी-प्रशांत महासागरांतल्या प्रवाळांचा. दिवसा कपारीत लटकून राहतो, तिन्हीसांजेला शिकारीला निघतो. पंख पसरून लहान माशाला कोंडतो, कधी पाण्याची फुंकर मारतो. मासा तिकडे तोंड वळवतो आणि सरळ याच्या घशात! माणसाच्या मागे मात्र तो लागत नाही. डिवचलं तर पाठीचे काटे पुढे करतो.

टाकी निदान 400 लिटरची हवी. आरओच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम, म्हणजे एकूण 14 किलो सागरी मीठ. स्वयंपाकाचं चालत नाही. पाणी 24 ते 27 अंश ठेवा. जानेवारीत नाशिकचा पारा 10 अंशांखाली उतरतो, तेव्हा हीटर बंद पडला तर मासा हातचा जातो. खाणं आठवड्यात दोन-तीनदा, कोळंबी किंवा समुद्री मासळीचे तुकडे, लांब चिमट्याने. गोल्डफिश रोज घालण्याची हौस त्याच्या यकृतावर उठते.

साफसफाईला आधी मध्ये अॅक्रिलिकचा पडदा सरकवा. मासा हलवताना जाळी नको, काटे अडकतात. प्लास्टिकचा डबा घ्या. साधे रबरी हातमोजे काटा सहज भेदतो.

काटा लागलाच, तर दिसणारे तुकडे काढून जखम धुवा आणि सुमारे 45 अंशांच्या पाण्यात 30 ते 90 मिनिटं बुडवा. हे विष प्रथिनांचं, उष्णतेने निकामी होतं. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. निवलं की बदला. बर्फ नको, आवळपट्टीही नको. धाप, चक्कर, छातीत दुखणं असेल तर थेट रुग्णालय गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचाराच.

आणि मेलेल्या लायनफिशच्या काट्यांतही विष असतं. चिमट्याने उचलून घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करा, डब्यावर तसं लिहा, मगच घंटागाडीत द्या. पिशवीत हात घालणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसतं.